निर्णयाचा माग काढा: राजकारण, विज्ञान आणि समाज जोडणारं रेडिओ रूपक कसं करावं

‘प्रदूषण’ हा रेडिओ कार्यक्रमाचा विषय होऊ शकत नाही. ‘सार्वजनिक आरोग्य’ही नाही आणि ‘हवामानबदल’ही नाही. असे विषय हाती घेतले की ठरल्याप्रमाणे तीन पाहुणे येतात. एक विज्ञान सांगतो, दुसरा धोरण सांगतो, तिसरा लोकांचे हाल सांगतो आणि अर्धा तास संपल्यावर ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. तिघेही खरं बोललेले असतात, पण एकमेकांच्या शेजारून बोललेले असतात.

माझं ठाम मत असं आहे की राजकारण, विज्ञान आणि समाज खऱ्या अर्थानं एकाच ठिकाणी भेटतात आणि ते ठिकाण म्हणजे निर्णय. कोणीतरी, कोणत्या तरी दिवशी, हाताशी असलेल्या अपुऱ्या माहितीवर काहीतरी ठरवतं. तेव्हा काय माहीत होतं, हे विज्ञान. कोणी ठरवलं आणि कोणाच्या दबावाखाली, हे राजकारण. ते कोणाला भोगावं लागलं किंवा कोणाच्या पथ्यावर पडलं, हा समाज. तो निर्णय सापडला की कार्यक्रमाला कणा मिळतो. सापडला नाही, तर कितीही चांगले आवाज गोळा करा, रूपक, म्हणजे मुलाखती, निवेदन आणि ध्वनी गुंफून केलेला कार्यक्रम, उभं राहत नाही.

पुढची सगळी पद्धत अर्ध्या तासाच्या एका रूपकासाठी आहे. उदाहरण एकच घेतो आणि तेच शेवटपर्यंत वापरतो: शिसंयुक्त पेट्रोल.

आधी निर्णय शोधा

शिसंयुक्त पेट्रोलची गोष्ट शंभर वर्षांची आहे. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली या अभियंत्याला असं आढळलं की टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग पेट्रोलमध्ये मिसळलं की इंजिनातला ठोका, म्हणजे इंधन अवेळी पेटल्यानं होणारी खटखट, थांबतो. १९२३ मध्ये असं पेट्रोल विक्रीला आलं. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यात या रसायनाची बाधा होऊन पाच कामगार दगावले. पुढे १९६५ मध्ये क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की माणसाच्या शरीरात आणि भोवतालात जे शिसं ‘नेहमीचं’ समजलं जात होतं, ते नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट आहे. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासले आणि त्यातल्या शिशाचा बुद्धिमापन चाचण्यांशी असलेला संबंध मांडला. जुलै २०२१ मध्ये अल्जीरियानं विक्री थांबवली आणि रस्त्यावरच्या वाहनांसाठीचं शिसंयुक्त पेट्रोल जगातून संपलं.

हे सगळं ओळीनं सांगितलं तर तो इतिहासाचा धडा होईल. रूपक करायचं तर या शंभर वर्षांत एका जागी थांबायला हवं. मी थांबेन मे १९२५ मध्ये. त्या महिन्यात अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेच्या प्रमुखांनी, वॉशिंग्टनमध्ये परिषद बोलावली. विक्री तात्पुरती थांबलेली होती. खोलीत उत्पादक होते, कामगारांच्या बाजूनं बोलणारे होते आणि अ‍ॅलिस हॅमिल्टन, यँडेल हेंडरसन यांच्यासारखे धोक्याची सूचना देणारे वैद्यकशास्त्राचे अभ्यासक होते. एक समिती नेमली गेली. जानेवारी १९२६ मध्ये तिनं सांगितलं की बंदी घालण्याइतका आधार सध्या दिसत नाही. विक्री पुन्हा सुरू झाली.

आता प्रश्न आपोआप उभे राहतात. समितीनं किती माणसं तपासली? किती महिने? पुरावा द्यायची जबाबदारी कोणावर टाकली: धोका आहे म्हणणाऱ्यांवर की धोका नाही म्हणणाऱ्यांवर? या शेवटच्या प्रश्नात तिन्ही धागे आहेत आणि आजच्या कुठल्याही नव्या रसायनाला, औषधाला किंवा तंत्रज्ञानाला तो तसाच लागू पडतो.

तुमचा विषय कोणताही असो, एका वाक्यात लिहून पाहा: अमक्यानं अमक्या दिवशी अमुक ठरवलं, कारण त्याला अमुक माहीत होतं आणि तमुक माहीत नव्हतं. हे वाक्य पूर्ण करता येत नसेल तर रेकॉर्डर बाहेर काढू नका.

कागद आधी, माणसं नंतर

मोठ्या कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात तारखेनुसार काय माहीत झालं, दुसऱ्यात काय ठरवलं गेलं, तिसऱ्यात कोणाचं काय झालं. पहिल्या रकान्यातली तारीख आणि दुसऱ्या रकान्यातली तारीख यांच्यात मोठी फट दिसली की समजावं, रूपकाचा मधला भाग तिथे आहे. शिशाच्या बाबतीत पॅटरसन यांचा लेख १९६५ चा आणि अमेरिकेत रस्त्यावरच्या वाहनांसाठी पूर्ण बंदी १९९६ ची. मधल्या तीन दशकांत कोण काय करत होतं, हे शोधणं म्हणजेच पत्रकारिता.

मूळ कागद वाचा. शोधनिबंधाच्या प्रसिद्धीपत्रकावर कधीच थांबू नका, कारण ‘असू शकतं’ चं ‘आहे’ बहुतेक तिथेच होतं. निबंध हाती आला की मी या क्रमानं पाहतो: किती जणांवर अभ्यास झाला, कशाशी तुलना केली, पैसे कोणी दिले आणि लेखकांनी स्वतःच्या कामाच्या कोणत्या मर्यादा सांगितल्या. मर्यादांचा परिच्छेद सहसा शेवटाकडे असतो आणि चांगल्या मुलाखतीचे निम्मे प्रश्न तिथेच मिळतात. मग तो निबंध मागे घेतला गेला आहे का, हे तपासा. गोवर-गालगुंड-रुबेला लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा १९९८ चा निबंध फक्त १२ मुलांवर आधारलेला होता. तो ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं मागे घेतला २०१० मध्ये. मधल्या बारा वर्षांत ज्यांनी ज्यांनी त्यावर ‘दोन्ही बाजू’ असलेले कार्यक्रम केले, त्यांनी तो १२ हा आकडा आधी ऐकवायला हवा होता.

राजकारणाच्या रकान्यासाठी कायदेमंडळातल्या चर्चांची इतिवृत्तं, समित्यांचे अहवाल, अर्थसंकल्पातली तरतूद आणि न्यायालयांचे निकाल बघा. नेता आज काय म्हणतो यापेक्षा त्यानं तेव्हा मत कुठे टाकलं, हे जास्त बोलकं असतं.

आवाज निवडताना

अर्ध्या तासात चार, फार तर पाच आवाज. त्याहून जास्त झाले की ऐकणाऱ्याला कोण कोण ते कळेनासं होतं, कारण त्याला चेहरे दिसत नाहीत. आवाजांचा पोतही वेगळा हवा. एकाच वयाचे, एकाच ढंगात बोलणारे तीन प्राध्यापक कानाला एकच माणूस वाटतात.

प्रत्येक आवाजाला एकच काम द्या. एक जण निर्णयाच्या खोलीत होता किंवा त्या कागदपत्रांवर त्यानं आयुष्य घालवलं आहे. एक जण विज्ञान समजावतो. एकावर परिणाम झाला आहे. आणि एक जण निर्णयाचं समर्थन करतो. समर्थन करणारा हवाच, आणि तो त्या बाजूचा सगळ्यात भक्कम माणूस हवा. दुबळा प्रतिस्पर्धी उभा करून जिंकलेला वाद ऐकणाऱ्याला लगेच कळतो.

पण तोल सांभाळणं आणि खोटा तोल यांत फरक आहे आणि विज्ञानाच्या बाबतीत तो फार जपावा लागतो. कर किती लावावा, बंदी कधीपासून घालावी, भरपाई कोणी द्यावी, हे मतांचे प्रश्न आहेत. तिथे दोन काय, चार बाजूही ऐकवा. शिसं मज्जासंस्थेला घातक आहे की नाही, हा मताचा प्रश्न नाही. २०११ मध्ये जनुकशास्त्रज्ञ स्टीव्ह जोन्स यांनी बीबीसीच्या विज्ञानवार्तांकनाचा आढावा घेतला, तेव्हा नेमकं याच खोट्या तोलावर बोट ठेवलं होतं. तरीही २०१७ मध्ये बीबीसीच्या सकाळच्या रेडिओ कार्यक्रमात ब्रिटनचे माजी अर्थमंत्री नायजेल लॉसन यांनी गेल्या दहा वर्षांत जगाचं तापमान किंचित घटल्याचं सांगितलं आणि निवेदकानं त्यांना अडवलं नाही. पुढच्या वर्षी प्रसारण नियामक ऑफकॉमनं यात नियमभंग झाल्याचा निर्णय दिला. पाहुण्याला बोलावण्यात चूक नव्हती. चुकीचं विधान त्याच जागी न खोडण्यात होती. म्हणून मुलाखतीला जाताना समोरचा कोणते तीन दावे करील आणि त्यांवर खरी माहिती काय, हे एका चिठ्ठीवर लिहून नेत जा.

मुलाखत: आधी जागा, मग प्रश्न

खोलीत शिरल्यावर बोलायच्या आधी ऐका. डोळे मिटून एक मिनिट उभे राहा. फ्रीजची घरघर, पंखा, एसी, दिव्याचा गुणगुणाट, शेजारची वर्दळ, जे बंद करता येईल ते परवानगी घेऊन बंद करा. गुळगुळीत भिंतींच्या मोकळ्या खोलीत आवाज घुमतो; पडदे, पुस्तकं, गाद्या असलेली खोली बरी. घुमलेला आवाज नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं पुरता सुधारत नाही.

माईक तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला धरा. अगदी समोर धरला तर प, फ, ब, भ उच्चारताना हवेचा झोत आदळतो आणि भसकन आवाज येतो. डब्ल्यूएव्ही फॉरमॅट, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट एवढं सेटिंग ठेवा आणि बोलण्याची सर्वोच्च पातळी रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या, म्हणजे माणूस हसला किंवा चिडला तरी आवाज फाटत नाही. हेडफोन पूर्ण वेळ कानावर हवेत. लाज वाटते म्हणून ते काढून ठेवणारे फार जण पाहिले आहेत. मोबाईलची खरखर त्यांना घरी गेल्यावर ऐकू येते. माईक स्वतःच्या हातात ठेवा, पाहुण्याच्या हातात देऊ नका. माईक ज्याच्या हातात, मुलाखत त्याच्या ताब्यात.

रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर पहिलं वाक्य संमतीचं: नाव, ओळख कशी सांगायची, आणि हे प्रसारित होणार आहे हे त्यांना माहीत आहे. ‘हे छापायचं नाही’ अशा बोलीची अट आधी ठरते, बोलून झाल्यावर नाही. राजकारणी आणि अधिकारी यांच्याशी हा नियम काटेकोर पाळा. ज्याला बोलण्याची सवय नाही आणि जो दुःखाच्या भरात बोलून गेला आहे, त्याला मात्र मी नंतरही विचार करायला वेळ देतो. दोघांना एकाच मापानं मोजणं मला न्याय्य वाटत नाही.

शास्त्रज्ञाला विचारायचे सगळ्यात उपयोगी प्रश्न साधे आहेत. ‘तुम्हाला हे कशावरून कळलं?’ ‘तुमचं चूक आहे असं कळायला काय दिसावं लागेल?’ ‘यातलं किती नक्की आहे आणि किती अंदाज?’ उत्तर बोजड आलं तर ‘समजलं नाही, पुन्हा सांगाल?’ म्हणा. दुसऱ्यांदा सांगताना माणूस हातानं हवेत आकृती काढायला लागतो आणि भाषा आपोआप सोपी होते. बहुतेक वेळा तोच बाईट, म्हणजे मुलाखतीतून उचललेला तुकडा, रूपकात जातो.

धोरण ठरवणाऱ्याला ‘का’ विचारण्याआधी ‘कधी’ विचारा. ‘हा अहवाल तुमच्या टेबलावर कोणत्या तारखेला आला?’ या प्रश्नाला भाषण करता येत नाही. उत्तर टळलं तर तोच प्रश्न त्याच शब्दांत, आवाज न चढवता, पुन्हा विचारा. रेडिओवर टाळलेलं उत्तरही उत्तर असतं. फक्त प्रश्न ऐकू यायला हवा, म्हणून तुमचा आवाजही स्वच्छ रेकॉर्ड करा.

ज्याच्यावर परिणाम झाला त्याला ‘तुम्हाला कसं वाटलं?’ विचारू नका. ‘त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं?’ विचारा. भावना घटनांच्या पोटात असते, ती मागून घ्यावी लागत नाही. आणि उत्तर संपल्यावर तीन सेकंद गप्प राहा. ते तीन सेकंद फार लांब वाटतात, पण सगळ्यात खरं वाक्य अनेकदा त्यांच्यानंतर येतं.

निघण्याआधी त्याच खोलीतली नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड करा. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि संपादनात सांधे बुजवायला तीच लागते. शिवाय अँबियन्स, म्हणजे त्या जागेचे आवाज, घ्या: दार, पावलं, यंत्राची घरघर, प्रयोगशाळेतली काचेची किणकिण. प्रत्येक आवाज तीन अंतरांवरून घ्या, अगदी जवळून, मधून आणि लांबून.

नाव गुप्त ठेवायचं वचन दिलं असेल तर आवाजाची पट्टी खालीवर करून भागत नाही. ती प्रक्रिया बऱ्याचदा उलटवता येते. शब्द तेच ठेवून दुसऱ्याकडून वाचून घ्या, तसं निवेदनात सांगा, आणि मूळ फाईल इंटरनेटला न जोडलेल्या ठिकाणी कुलूपबंद ठेवा.

आकडा कानाला कसा सांगावा

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून इथे रेंगाळतो.

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये एक इशारा दिला गेला की गर्भनिरोधक गोळ्यांच्या काही नव्या प्रकारांमुळे रक्ताच्या गाठी होण्याचा धोका दुप्पट होतो. ‘दुप्पट’ हा शब्द सगळीकडे पसरला. प्रत्यक्षात धोका साधारण ७,००० स्त्रियांमागे एकीवरून ७,००० मागे दोघींवर गेला होता. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० जादा गर्भपात झाल्याचा अंदाज आहे. गर्भारपणात रक्ताच्या गाठींचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्त असतो, ही गोष्ट त्या गदारोळात बुडाली. दुप्पट हे खोटं नव्हतं. कशाच्या दुप्पट, एवढंच सांगायचं राहिलं होतं.

म्हणून टक्केवारीतली वाढ किंवा घट एकटी कधीच प्रसारित करू नका. आधी किती होतं आणि आता किती झालं, हे माणसांत सांगा: ‘दहा हजारांत दोघं होते, आता तिघं आहेत’. हीच गोष्ट ‘पन्नास टक्के वाढ’ म्हणूनही सांगता येते, आणि प्रसिद्धीपत्रकात बहुतेक तीच असते.

एका मिनिटात एकच आकडा. तो गोल करा, ४९.७ टक्के म्हणजे ‘जवळजवळ निम्मे’. महत्त्वाचा असेल तर वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगा, कारण ऐकणाऱ्याला मागची ओळ पुन्हा वाचता येत नाही. अनिश्चितताही ऐकू यायला हवी. ‘शास्त्रज्ञ म्हणतात’ असं म्हणण्यापेक्षा ‘एका अभ्यासात असं दिसलं, दुसऱ्या दोन अभ्यासांत दिसलं नाही’ हे लांब असलं तरी प्रामाणिक आहे. आणि ज्या गोष्टीवर अभ्यासकांचं एकमत आहे, तिथे ‘काही तज्ज्ञांच्या मते’ असली पळवाट काढू नका.

संहिता

सगळ्या मुलाखती उतरवून काढा, वेळेच्या नोंदींसह. यंत्रानं उतरवलेला मजकूर वेळ वाचवतो, पण तो आकडे आणि नकार हमखास चुकवतो. ‘नाही’ गळून पडला की अर्थ उलटा होतो. वापरणार तो प्रत्येक बाईट कानानं ताडून घ्या.

मग बाईट निवडा. वीस ते चाळीस सेकंद पुरे. माहिती निवेदकाच्या लिंकमध्ये, म्हणजे दोन बाईट जोडणाऱ्या निवेदनात, घाला. बाईटसाठी अनुभव, कारणमीमांसा, मतभेद आणि ठाम भूमिका राखून ठेवा. पाहुणा जे सांगणार तेच लिंकमध्ये आधी सांगून टाकणं ही सगळीकडे दिसणारी सवय आहे. लिंकनं ऐकणाऱ्याच्या मनात प्रश्न तयार करावा आणि बाईटनं त्याचं उत्तर द्यावं.

निवेदनाची वाक्यं आखूड हवीत. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे लांब वाक्यात ऐकणाऱ्याला सगळा भार शेवटपर्यंत डोक्यावर घेऊन चालावं लागतं. हे बघा:

‘जानेवारी १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २५२ जणांच्या तपासणीवर आधारलेल्या आणि पुढील संशोधनाची शिफारस करणाऱ्या अहवालात समितीने बंदीस पुरेसा आधार नसल्याचे नमूद केले.’

कागदावर चालेल. कानासाठी असं:

‘समितीनं अडीचशे माणसं तपासली. वाहनचालक, गॅरेजमधले कामगार. जानेवारी १९२६ मध्ये अहवाल आला: बंदी घालावी इतका आधार आज दिसत नाही. पण त्याच अहवालात आणखी एक सूचना होती. हे पेट्रोल सर्रास वापरात आलं तर परिस्थिती बदलेल, तेव्हा तपास चालू ठेवा.’

दुसऱ्या रूपात एक थांबा आहे, ‘पण’च्या आधी. तिथे दीड सेकंद शांतता ठेवा आणि मग जुन्या इंजिनाचा ठोका हळूहळू वर आणा. रूपकाचं वळण तिथेच घडतं.

संहिता लिहिताना मोठ्यानं वाचत जा. जिथे श्वास तुटतो तिथे वाक्य तोडा. स्वतःचा वाचनाचा वेग घड्याळ लावून मोजून ठेवा म्हणजे लांबीचा अंदाज चुकत नाही. नाव आधी, हुद्दा नंतर की उलट, याची चर्चा खूप होते. मी आधी ओळख आणि मग नाव सांगतो, कारण नुसतं अनोळखी नाव कानावरून निसटतं.

कात्री कुठवर चालवायची

‘अं’, खोकला, पुनरुक्ती काढायला हरकत नाही. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला जोडणं, ‘जर’ कापून विधान बिनशर्त करणं किंवा एका जागचं हसणं दुसऱ्या जागी नेऊन लावणं हे मात्र वर्ज्य. विचारपूर्वक घेतलेला थांबाही कापू नका. तो माहितीचाच भाग आहे.

ध्वनी आपोआप खरं बोलतो असं समजू नका. ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत लेकहर्स्ट इथे हिंडेनबर्ग हे जर्मन हवाईजहाज पेटलं तेव्हाचं रेडिओ निवेदक हर्बर्ट मॉरिसन यांचं वर्णन जगप्रसिद्ध आहे. बरेच जण ते थेट प्रक्षेपण समजतात. ते ध्वनिमुद्रण होतं आणि नंतर ऐकवलं गेलं. शिवाय तबकडीवर मुद्रण करणारं यंत्र किंचित मंद फिरत होतं, म्हणून नेहमीच्या वेगानं वाजवल्यावर त्यांचा आवाज मूळपेक्षा चढा आणि जास्त घाबरलेला वाटतो. जुनं ध्वनिमुद्रण वापराल तेव्हा ते कधीचं, कुठलं, हे सांगा, आणि त्याच्या वापराचे हक्क आधी लेखी घ्या. पुनर्निर्मित प्रसंग असेल तर सुरुवातीलाच तसं सांगा, शेवटच्या श्रेयनामावलीत नाही.

संगीताबद्दल माझा आग्रह आहे: शोकग्रस्त माणसाच्या बोलण्याखाली संगीत घालू नका. काय वाटून घ्यायचं ते ऐकणाऱ्याला ठरवू द्या.

प्रसारणाआधी

संहितेची प्रत काढा आणि प्रत्येक विधानाखाली त्याचा आधार पेन्सिलीनं लिहा: कोणता कागद, कोणतं पान, कोणत्या मुलाखतीचं कितवं मिनिट. ज्याखाली काही लिहिता येत नाही ती ओळ जाते, मग ती कितीही सुंदर असो. ज्या संस्थेवर किंवा व्यक्तीवर ठपका येतो आहे तिला नेमके आरोप लेखी कळवा आणि उत्तराला पुरेसा वेळ द्या. शुक्रवारी संध्याकाळी पाठवून शनिवारी सकाळचं उत्तर मागणं म्हणजे उत्तर नको असणं. उत्तराचा गाभा संबंधित आरोपाच्या लगेच नंतर ऐकवा. शास्त्रज्ञाला त्याचं विज्ञान समजावणारा भाग वाचून दाखवायला हरकत नाही. संहिता मंजुरीसाठी मात्र कोणालाही पाठवू नये.

मिश्रण झाल्यावर एकदा साध्या मोबाईलच्या स्पीकरवर ऐका. स्टुडिओत गोड वाटणारा अँबियन्स तिथे शब्द गिळतो. आवाजाच्या पातळीसाठी युरोपीय प्रसारकांच्या संघटनेचं ईबीयू आर १२८ हे मानक उणे २३ एलयूएफएस सांगतं (एलयूएफएस हे आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक). पॉडकास्टसाठी साधारण उणे १६ ठेवतात. तुमच्या केंद्राचं मानक वेगळं असेल तर तेच पाळा.

कच्च्या फाईली, संमतीची ध्वनिमुद्रणं आणि पेन्सिलीच्या नोंदी असलेली संहिता दोन वेगवेगळ्या जागी जपून ठेवा. तक्रार आली तर उत्तर त्यांतूनच द्यायचं असतं. चूक निघाली तर दुरुस्ती त्याच कार्यक्रमाच्या पुढच्या भागात, सुरुवातीला, काय चुकलं आणि खरं काय हे दोन्ही सांगून ऐकवा, आणि इंटरनेटवरच्या ध्वनिफितीतही ती घाला, कारण पुढे वर्षानुवर्षं लोक ऐकणार आहेत ती तीच प्रत.